नाताळचं किट द्यायचं कसं, घ्यायचं कसं: वाचकांचे प्रश्न

दिवाळी आटोपली की या सदरात, चर्च गरजू घरांना देतात त्या नाताळच्या किटबद्दलची पत्रं येणं सुरू होते. आधी फक्त चर्चवाल्यांची यायची, यंदा किट घेणाऱ्या घरांतूनही आली आणि ती वाचून दोन दिवस मला दुसरं काही सुचलं नाही. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात, हा अंक याच विषयाला. पत्रं थोडी छोटी केलीत, नावं मुद्दाम दिली नाहीत.

ताई, सलाम. मी नागपूरच्या सदर भागातल्या एका चर्चच्या महिला मंडळात आहे. मागच्या वर्षी कॅरोलच्या संध्याकाळी आम्ही ६० घरांना किट दिलं, आटा, डाळ, तेल, साखर आणि एक ब्लँकेट. स्टेजवर नावं पुकारली, पाळकसाहेबांच्या हातून दिलं, फोटो ग्रुपवर टाकले. मग कळलं की एका घरच्या दहावीतल्या पोरीला शाळेत पोरं चिडवून राहिले होते, तुमच्या घरी तर फुकटचं येते म्हणून. यंदा ते घर नको म्हणते. आमचं मन लई खट्टू झालं. माझी मुलगी डॅलसला असते, तिकडचे चर्च थँक्सगिव्हिंगला टर्कीचे बॉक्स देतात, तसं काही करता येईल का? (एक मावशी, मोहन नगर)

मावशी, सलाम. आधी त्या पोरीचं पाहू, बॉक्सचं नंतर. त्या घराला यादीतून कापू नका, पण किट घेऊन लगेच दारात उभ्याही राहू नका. तुमच्यातली जी बाई त्या घरी बसून चहा घेऊ शकते तिला एकटीला जाऊ द्या, आणि तिने सरळ म्हणायचं की बाई, फोटो टाकला ते आमचं चुकलं. त्या दिवशी किटचं नावही काढायचं नाही. आणि फोटो खरंच पुसा. एवढ्या महिन्यांनी ग्रुपवरून सगळ्यांच्या फोनमधला फोटो आपोआप जात नाही, ॲडमिनने लिहावं लागेल की ज्याच्या ज्याच्या फोनमध्ये असेल त्याने डिलीट करा. पोरीचा चेहरा त्यात आहे, तिला विचारून कोणी काढला नव्हता.

आता माझ्याकडचं एक सांगते, तुमच्या सगळ्या प्रश्नाचं उत्तर मला तरी त्यातच दिसते. मी नऊ वर्षांची असताना बाबांची गिरणी बंद पडली. त्या डिसेंबरात घरी फराळाचं नावच निघालं नाही, आई संध्याकाळी लवकर दिवा घालवून आम्हाला झोपवायची. नाताळच्या आठेक दिवस आधी चर्चमधली एक मावशी मागच्या दाराने आली, हातात मोठी पिशवी, आणि आईला म्हणे, "अवं, माझ्या घरी पाहुणे उतरले आहेत, चूल मोकळी मिळून नाही राहिली, तुझ्याकडे करंज्या केल्या तर चालन का?" आई म्हणाली चालन की. मग दोघी रात्री बारापर्यंत बसल्या. रवा-मैदा तिचा, साखर तिची, सुकं खोबरं तिचं, एका कागदाच्या पुडीत खसखस बांधून आणली होती ती पण तिचीच, आमचा फक्त गंज (मोठं पातेलं) आणि कातणं. मी पाटावर बसून कातण्याने कडा कापत होते. निघताना तिने अर्ध्या करंज्या स्वतःच्या डब्यात भरल्या, अर्ध्या परातीत तशाच ठेवल्या, आणि वर म्हणे तुझ्या हाताला चव आहे, पुढच्या वर्षी पण येतो मी. तिच्या घरी पाहुणे आलेच नव्हते, हे आईला तेव्हाच समजलं होतं आणि मला वीस वर्षांनी.

साठ घरांत साठ बायकांनी जाऊन करंज्या करणं होणार नाही, समजते मला. पण त्या मावशीने जे सांभाळलं ते साठ घरांतही सांभाळता येते. घरातल्या बाईने स्वतःच्या हाताने सण केला, पोरांना वाटलं की आईने केलं. तुमचं किट जे काही असेल त्यातून एवढं झालं पाहिजे.

डॅलसचं विचारलंत. अमेरिकेत थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असते, त्याच्या आधी कितीतरी चर्च आणि फूड बँका गोठवलेली टर्की, बटाटे, क्रॅनबेरी असं सगळं बॉक्समध्ये देतात. बऱ्याच ठिकाणी आधी नाव नोंदवायचं, मग आपली गाडी घेऊन यायचं, डिकी उघडायची, स्वयंसेवक बॉक्स ठेवतो, गाडी पुढे. कोणी नाव पुकारत नाही. आपल्याला तेवढंच तिथून घ्यायचं आहे, नाव गुपचूप नोंदवणं. दुसरं एक म्हणजे तिथे काही फूड पॅन्ट्रीत बांधलेला बॉक्स न देता लोकांना दुकानासारखं फळीवरून स्वतः निवडू देतात, ते मला फार पटते. कारण बॉक्स बांधणाऱ्याला समोरच्या घरातली चूल माहीत नसते. चार-पाच किलोची गोठवलेली टर्की फ्रिजमध्ये सुटी व्हायलाच दोन-तीन दिवस लागतात, मग मोठा ओव्हन पाहिजे, ज्याच्याकडे ओव्हनच नाही त्याने काय करावं. आपल्याकडेही हौसेने केकचं सामान देणारे पाहिलेत मी, ज्या घरी कुकर पण दुसऱ्याकडून आणतात त्या घरी.

आणि तिकडचीच एक जुनी गोष्ट. १८९१ साली सॅन फ्रान्सिस्कोत मुक्तिफौजेच्या (साल्व्हेशन आर्मीच्या) जोसेफ मॅकफी नावाच्या कॅप्टनला गरिबांना नाताळचं जेवण द्यायचं होतं आणि पैसा नव्हता, त्याने बोटीच्या धक्क्याजवळ खेकडे शिजवायचं भांडं टांगलं आणि येणारे-जाणारे त्यात नाणी टाकत गेले. त्यांच्या दान टाकायच्या लाल किटल्या अजूनही डिसेंबरात रस्त्यावर दिसतात. त्या भांड्यात कोणी किती टाकले ते कोणालाच कळत नाही. तुमच्या चर्चमध्येही दात्यांची नावं वाचून दाखवत असाल तर ते पण बंद करा असं मी म्हणेन, कारण देणाऱ्याचं नाव वाचलं की घेणाऱ्याचं आपोआपच वाचावं लागते.

आता किटमध्ये काय. मावशी, तुम्ही आटा दिला, पण ज्यांच्याकडे रेशनकार्ड चालू आहे त्यांना जानेवारी २०२३ पासून धान्य फुकट मिळते, प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो, अंत्योदयवाल्या घराला ३५ किलो. त्या घरी गहू-तांदूळ असतो, नसते ते तेल, तूरडाळ, साखर. सरकारने २०२२ च्या दिवाळीला १०० रुपयांत आनंदाचा शिधा दिला तेव्हा पण रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल असंच दिलं होतं, म्हणजे सणाला लागते ते. तुम्ही एका घराला २ लिटर तेल, किलो-किलो तूरडाळ, रवा आणि मैदा, २ किलो साखर, पाव किलो सुकं खोबरं, अर्धा किलो फल्लीदाणे (शेंगदाणे), चहापत्ती आणि हो, खसखशीची पुडी, असं द्या. आटा आणि तांदूळ फक्त त्यांना, ज्यांच्याकडे कार्ड नाही किंवा गावाकडे अडकलं आहे, बांधकामावर छत्तीसगडकडून आलेली कुटुंबं असतात तशी. वरून जवळच्या चिकनवाल्याची एक किलोची चिठ्ठी. नागपुरात रश्श्याशिवाय नाताळ होत नाही आणि किटमध्ये कोंबडी कोणी टाकत नाही. चिठ्ठीवर चर्चचं नाव नको, दुकानदाराला फक्त नंबर माहीत असू द्या.

पोचवायचं कधी, हे लोक नेहमी चुकवतात. २४ च्या रात्री किट मिळालं तर त्या बाईने फराळ करावा कधी? १५ तारखेपर्यंत घरोघरी गेलं पाहिजे. दोघीदोघींनी जा, अंधार पडल्यावर, साध्या पिशवीत. गरिबांना मदत करणारी कॅथलिकांची सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटी १८३३ ला पॅरिसमध्ये सुरू झाली तेव्हापासून त्यांची हीच पद्धत आहे, दोघांनी घरी जायचं, बसायचं, बोलायचं, आणि घरात शिरल्यावरच कळते की खरी अडचण सिलिंडर संपल्याची आहे की म्हाताऱ्याच्या गोळ्यांची. स्टेज करायचाच असेल तर संडे स्कूलच्या पोरांच्या नाटकासाठी करा, त्या साठ घरच्या पोरांनाही नाटकात घ्या.

मी इंदोऱ्याला राहते, आम्ही बौद्ध आहोत. मिस्टर ऑटो चालवतात, दिवाळीच्या आधी पाय मोडला, घरी बसून आहेत. शेजारच्या ख्रिश्चन बाई म्हणाल्या आमच्या चर्चच्या यादीत तुमचं नाव देऊ का. ननंद म्हणते घेऊ नको, आज तेल देतील उद्या धर्म बदला म्हणतील. मला काय करू समजत नाही. (एक वाचक)

ताई, घ्या. तुमचे मिस्टर बसून आहेत आणि घरात पोरं आहेत, यापुढे दुसरं काही नाही.

ननंदेवर रागावू नका, तिच्या मनात आलं ते कोणाच्याही मनात येते. शेजारणीला एकच विचारा की यासाठी आम्हाला चर्चमध्ये यावं लागेल का, प्रार्थनेला बसावं लागेल का. ती नाही म्हणाली तर पिशवी घ्या आणि चहा पाजा तिला. हो म्हणाली तर नमस्कार करून नाही म्हणा, अट घालून दिलेलं तेल कोणाच्याच घरात नको.

तुम्ही इंदोऱ्याच्या, तुम्हाला मी काय सांगू, १४ ऑक्टोबर १९५६ ज्या गावात झालं त्या गावात आजही दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात तेव्हा भोजनदानाचे स्टॉल लागतात, तिथे भाजी-पोळी वाढणारा समोरच्याला त्याचा धर्म विचारत नाही. ताजबागच्या दर्ग्यात लंगर असतो, गुरुद्वाऱ्यात असतो, रामनवमीच्या शोभायात्रेत रस्त्याने सरबत पाजतात. नागपूरच्या माणसाला दुसऱ्याच्या हातचं खाणं नवीन नाही.

चर्चवाल्यांना मात्र इथेच सांगते, कारण त्यातले बरेच हे सदर वाचतात. किटच्या पिशवीत धर्मप्रचाराची पत्रिका टाकू नका. मी स्वतः मंडळीत वाढलेली बाई आहे, प्रभूवर माझा पूर्ण विश्वास आहे, म्हणूनच म्हणते. भुकेल्या घरी डाळीसोबत पत्रिका गेली की डाळीची किंमत लागते. कोणाला खरंच विचारायचं असेल तर तो तुमच्या दारी येईल, तेव्हा बोला तासभर.

चर्चच्या किटसाठी पैसे दिले तर इन्कम टॅक्समध्ये सूट मिळते का? (एक वाचक, धरमपेठ)

ज्या ट्रस्टच्या नावाने पावती मिळते त्या ट्रस्टकडे ८०जी, म्हणजे देणगीवर सूट मिळण्याची मंजुरी, असेल आणि तुम्ही जुन्या टॅक्स पद्धतीत असाल तर मिळते. २,००० रुपयांच्या वर रोख दिली तर त्याची नाही मिळत, यूपीआय किंवा चेकने द्या. तेल-साखर विकत घेऊन नेऊन दिली तर त्याची सूट नसते, पण तरी द्या.

आमचा तरुण संघ २५ डिसेंबरला मेडिकलच्या (सरकारी हॉस्पिटलच्या) बाहेर पेशंटच्या नातेवाईकांना २०० पॅकेट चिकन बिर्याणी वाटायचं म्हणून राहिला. रात्रीच बनवून सकाळी उपासना झाल्यावर दुपारी वाटायची. काही सूचना? (तरुण संघ, जरीपटका)

पोरांनो, मन मोठं आहे तुमचं, पण रात्री बनवून दुपारी वाटायचं एवढं मात्र करू नका. शिजलेला भात कोमट राहिला की त्यात बॅसिलस सिरीयस नावाचा जंतू वाढतो, त्याचे बीजाणू शिजवताना मरत नाहीत, आणि त्याने सोडलेलं विष भात परत गरम केला तरी जात नाही. त्यात चिकन. जो माणूस चार दिवसांपासून वॉर्डाच्या बाहेर फरशीवर झोपून राहिला, त्याला उलट्या लागल्या तर त्याच्या पेशंटजवळ बसणार कोण? शिजल्यापासून दोन तासांत वाढून झालं पाहिजे, नाहीतर वाढेपर्यंत चांगलं वाफाळतं राहिलं पाहिजे, ६० डिग्रीच्या वर. त्यामुळे उपासना सकाळी असेल तर जेवण संध्याकाळचं ठेवा. तसंही डिसेंबरात नागपूरची थंडी संध्याकाळीच अंगात शिरते आणि गरम अन्नाची किंमत तेव्हाच कळते.

बिर्याणीऐवजी साधं करा असं माझं मत. मेडिकलला विदर्भातून येतात, छिंदवाडा-बालाघाटकडून येतात, त्यात कितीतरी लोक घरचा माणूस आजारी असताना मांसाहार करत नाहीत, माळकरी असतात, उपास धरलेला असतो. वरण-भात, आलू-वांग्याची भाजी, वरून सांबार (कोथिंबीर), आणि हातात दोन संत्री, हे आपलं भंडाऱ्याचं जेवण आहे, सगळे खातात. २०० लोकांना अंदाजे २० किलो तांदूळ, ६-७ किलो तूरडाळ, १० किलो आलू आणि १२ किलो वांगी लागतील, संत्री कळमन्याच्या बाजारातून घ्या, हंगाम आहे. मोठे गंज आणि झारे बिछायत केंद्रातून मिळतात, आदल्या दिवशी आणून गरम पाण्याने धुऊन ठेवा, त्यांच्याकडची भांडी नेहमी धुतलेली असतातच असं नाही. एक पोरगा फक्त पाण्यावर ठेवा. पॅकेटचा आग्रह सोडा, नातेवाईकांजवळ डबे असतात, डब्यात वाढा, रात्री अर्धं उरवून खाणारे असतात त्यांना सांगा की भात आताच खाऊन घ्या.

आणि वॉर्डात जाऊन पेशंटला काही देऊ नका. कोणाची शुगर, कोणाची किडनी, कोणाचं उद्या ऑपरेशन म्हणून उपाशी ठेवलेला. आठ दिवस आधी हॉस्पिटलच्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा, कुठे उभं राहायचं ते विचारा. ते कधीकधी असंही सांगतात की अमुक वॉर्डाबाहेर एक बाई आहे, तिच्याजवळ परतीच्या बसचे पैसे नाहीत. तेवढ्यासाठी खिशात थोडे वेगळे ठेवा.

मॅडम, मी चार घरची भांडी घासते, रेल्वे लाईनजवळ राहते. मागच्या डिसेंबरात मला तीन चर्चमधून तीन किट मिळाले, देव त्यांचं भलं करो. पण पंधरा किलो आटा झाला, सोंडे लागले, अर्धा फेकावा लागला, फेकताना जीव तुटत होता. आणि जूनमध्ये दोन पोरांच्या वह्या-दफ्तर घ्यायला मी पाच टक्के व्याजाने पैसे उचलले, ते अजून फेडून राहिली. किट नको, वह्या द्या, असं म्हटलं तर माजली म्हणतील का? (नाव नको)

ताई, कोणी म्हटलं तर म्हणू द्या, पण मला वाटते बहुतेक ठिकाणी कोणी म्हणणार नाही, कारण त्यांना माहीतच नाही. तीन चर्चच्या तीन याद्या वेगळ्या बनतात आणि तुमचं घर रेल्वे लाईनला लागून असल्याने तिघांच्याही रस्त्यात येते. त्याच गल्लीच्या मागच्या बाजूच्या घरात मात्र एकही किट पोचलं नसेल. पहिलं किट आलं की दुसऱ्यांना दारातच सांगा, मला मिळालं आहे, मागच्या बाजूला अमकीला द्या. ते लोक खुश होतील, मी सांगते ना.

व्याजाचं वाचून वाईट वाटलं. महिन्याला पाच टक्के म्हणजे वर्षाचे साठ झाले. त्या माणसाचं आधी संपवा, तुमच्या वस्तीत बचत गट असेल तर त्यात शिरा, तिथलं व्याज याच्या पुढे काहीच नसते.

आणि हे पाळकसाहेबांसाठी आणि मंडळांसाठी. एका भागातल्या दोन-तीन चर्चनी नोव्हेंबरात एकमेकांना एक फोन करायला काय लागते? नावं वाटायची गरज नाही, ही गल्ली तुमची, ती आमची, एवढंच ठरवा. आणि डिसेंबरचा अर्धा पैसा जूनसाठी बाजूला ठेवा. विदर्भात शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या शेवटी उघडतात, आणि नेमका तेव्हाच पाऊस लागून बांधकामाचं काम बसते. हातात मजुरी नाही आणि पोराला दफ्तर पाहिजे, वर्षातला सगळ्यात अडचणीचा महिना तो आहे, आणि त्या महिन्यात कोणत्याच चर्चमध्ये कॅरोल नसतात.

मिझोरामच्या चर्चमध्ये बायका १९१० पासून एक करत आल्या आहेत, रोज स्वयंपाक करताना तांदळाची एक मूठ वेगळ्या भांड्यात टाकायची, ती चर्चची. आपल्याकडे मूठ-पसा म्हणतात तेच ते. एका मुठीत ४०-५० ग्रॅम तांदूळ धरला तरी महिन्याला सव्वा ते दीड किलो होतात, म्हणजे १०० घरांच्या मंडळीचे सव्वाशे-दीडशे किलो, आणि ते बाराही महिने. तांदूळ नको तर डब्यात रोज पाच रुपये टाका, पण वर्षभर टाका.

ताई, तुम्ही मेच्या शेवटी त्या तिघांपैकी जे चर्च तुमच्या पायी जाण्याच्या अंतरावर आहे तिथे रविवारी उपासना सुटल्यावर जा, गर्दी पांगू द्या, आणि महिला मंडळाच्या बाईंना भेटा, पाळकांना नाही, बायांना वह्यांचं लवकर समजते. पोरं कितवीत आहेत ते चिठ्ठीवर लिहून न्या. आणि तुमची हरकत नसेल तर हे पत्र मी नाव झाकून मोहन नगरच्या मावशींना पाठवते, त्यांना यंदाची यादी करायची आहे. हो की नाही तेवढं कळवा, मी आठ दिवस थांबते.